भाऊबंदांची तयारी

अमेरिकेत फॉस्टर केअरमधलं, म्हणजे आईबापांपासून काढून सरकारच्या देखरेखीखाली ठेवलेलं, मूल दत्तक घ्यायचं ठरवलं, की आधी घराची तपासणी होते. औषधं कुलपात आहेत का, धुराचा अलार्म वाजतो का, नळाला येणारं गरम पाणी मुलाला पोळेल इतकं कढत तर नाही ना, हे बघतात. मग बोटांचे ठसे, डॉक्टरांचे दाखले, पगाराचे कागद, ओळखीच्यांची पत्रं. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं बसवून लहानपणाबद्दल विचारतात, राग आला की काय करता ते विचारतात, स्वतःचं मूल झालं नाही याचं दुःख आता कुठवर आलंय तेही विचारतात. या सगळ्याला इथे होम स्टडी म्हणतात. पद्धत चांगली आहे. मूल ज्यांच्या हाती द्यायचं, त्यांच्याकडे इतकं बारीक बघायलाच हवं.

तरी एक प्रश्न त्या तपासणीत नव्हता. अटलांटाच्या आसपास फॉस्टर केअरमध्ये ब्लॅक मुलं पुष्कळ. आमच्याकडे येणारं मूल बहुतेक ब्लॅकच असेल, हे आम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण तुमच्या घरी जेवायला कोण येतं, तुमचा डॉक्टर कोण, अडचणीत रात्री अकराला तुम्ही ज्यांना फोन करता ती माणसं कोण, हे कुणी विचारलं नाही.

न विचारण्यामागे इतिहास आहे. १९७२ साली ब्लॅक सोशल वर्करांच्या राष्ट्रीय संघटनेने एक निवेदन काढून ब्लॅक मुलं गोऱ्या घरांत द्यायला कडाडून विरोध केला. जिथे मुलाला रंगावरून जोखलं जाणार, तिथे ताठ उभं कसं राहायचं हे ते भोगलेली माणसंच शिकवू शकतात, असं त्यांचं म्हणणं. ब्लॅक कुटुंबं दत्तक घ्यायला पुढे येत नाहीत हा समजही त्यांनी खोडून काढला. संस्थांच्या अटीच अशा होत्या, की ती कुटुंबं दारातूनच परत जायची. पुढे वारं फिरलं. रंगाचा मेळ बसवण्याच्या नादात मुलं ताटकळत राहतात अशी ओरड झाली, आणि १९९४ च्या कायद्याने व १९९६ च्या दुरुस्तीने ठरवून टाकलं, की वंशाच्या कारणावरून मूल देणं लांबवायचं नाही आणि नाकारायचंही नाही. उद्देश चांगलाच होता. पण त्याचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या वंशाचं मूल घेणाऱ्यांना खास तयारी करायला लावणंही संस्थांना कायद्यात अडकण्यासारखं वाटू लागलं. मूळच्या आदिवासी मुलांसाठी १९७८ पासून वेगळा कायदा आहे; त्यात मूल देताना नातलग आणि जमातीतली घरं आधी धरली जातात, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा टिकवला. ब्लॅक मुलांच्या पाठीशी तसा देशभराचा कायदा नाही. तयारी करायची की नाही, हे पालकांच्या मर्जीवर.

१९७२ चं ते निवेदन वाचून अनेक दत्तक पालक दुखावतात. मला ते लेकरांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या माणसांचं बोलणं वाटलं. त्यात नाव गोऱ्या घरांचं आहे, पण म्हणून आम्हाला सूट मिळत नाही.

इथली आपली माणसं मात्र ती सूट चटकन देऊन टाकतात. ‘अगं, आपण कुठे गोरे आहोत? आपल्यालाही विमानतळावर बाजूला घेतात, आपल्यालाही उच्चारावरून हसतात. तुम्हाला कळेल त्या मुलाचं.’ प्रेमाने म्हणतात, पण ते खरं नाही. माझा नवरा रोज संध्याकाळी पळायला जातो. २३ फेब्रुवारी २०२० ला आमच्याच राज्यात, ब्रन्सविक शहराजवळ, अहमौद आर्बरी हा पंचवीस वर्षांचा ब्लॅक मुलगा असाच पळायला गेला होता. तीन गोऱ्या माणसांनी ट्रक घेऊन त्याचा पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घालून मारलं. त्या आठवड्यातही माझा नवरा पळत होता, आणि कुणी खिडकीचा पडदासुद्धा सरकवून पाहिलं नाही. उद्या चौदा वर्षांचा आमचा मुलगा त्याच रस्त्याने बापाच्या मागून पळत असेल, तेव्हा बघणाऱ्यांना बाप एक दिसेल आणि मुलगा दुसराच कुणी दिसेल. बापाला ते त्या दिवशी कळून चालणार नाही.

म्हणून आम्ही आधी घर बदललं.

आम्ही फोरसाइथ काउंटीत राहत होतो. अटलांटाच्या उत्तरेचा हा भाग आज आपल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. शाळा उत्तम, घरं मोठी, किराणा दुकानात मेथीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं ताजं. १९१२ मध्ये याच काउंटीत एका गोऱ्या मुलीवर हल्ला झाला, आणि पुढे ती मेली. त्या हल्ल्यावरून एका ब्लॅक माणसाला जमावाने मारून टाकलं, दोन ब्लॅक पोरांना घाईघाईने खटला उरकून फासावर दिलं. मग रात्री घोड्यांवरून टोळ्या फिरू लागल्या. चर्चं जाळली, घरांवर गोळ्या झाडल्या, आणि सुमारे अकराशे ब्लॅक माणसं, म्हणजे काउंटीतली जवळजवळ सगळीच, शेतंभातं टाकून परागंदा झाली. पुढची सत्तरपंचाहत्तर वर्षं तिथे ब्लॅक माणूस वस्तीला राहू शकला नाही. जानेवारी १९८७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी होझिया विल्यम्स तिथे मोर्चा घेऊन गेले, तेव्हा त्यांच्यावर दगड पडले. आठवड्याने सुमारे वीस हजार माणसं बंदोबस्तात चालत गेली.

मैत्रिणी म्हणतात, हे जुनं झालं. १९१२ जुनं असेल. १९८७ मध्ये मी नागपुरात शाळेत जात होते.

आज तिथे सगळेच वाईट लोक राहतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. आमचे शेजारी भले होते. पण आमचं मूल तिथे वर्गात एकटं पडलं असतं. शिक्षक, बसचा ड्रायव्हर, दाताचा डॉक्टर, वाढदिवसाला आलेली पोरं, या सगळ्यांत आपल्यासारखं दिसणारं कुणी त्याला क्वचितच भेटलं असतं. घरी येऊन आईबापांकडे बघावं तर तेही निराळे. एवढ्याशा जिवाने सदान्‌कदा एकट्याने वेगळं दिसायचं, आणि त्या बदल्यात त्याला चांगल्या रेटिंगची शाळा द्यायची, हा व्यवहार मला पटला नाही. आम्ही अटलांटाच्या पूर्वेला, डीकॅल्ब काउंटीत राहायला आलो. इथे ब्लॅक कुटुंबांची दाट वस्ती आहे. समोरच्या घरातला मुलगा सायकल उलटी करून तासन्‌तास तिची चेन बसवत असतो. लायब्ररीतल्या बाई ब्लॅक, आम्ही शोधलेल्या बालरोगतज्ज्ञ ब्लॅक. फोरसाइथच्या ओळखीतून काही जण अजून विचारतात, शाळेचं काय? शाळा आम्ही पाहिली आहे. मुख्याध्यापिका मुलांना नावानिशी ओळखतात.

खरं तर हे इथल्या मराठी माणसांना समजावून सांगावं लागू नये. आपण काय करतो? रविवारची झोप मोडून, गाडी हाणत मुलांना मराठी शाळेत नेतो. गणपतीत मोदक येणारी एखादी मावशी शोधतो. मे महिन्याच्या सुट्टीतले भाचे-पुतणे इथे नाहीत म्हणून चार घरं मिळून ते नातं उभं करतो. कशासाठी? आठवड्यातून एकदा तरी मुलाला आपलं नाव कुणाला फोड करून सांगावं लागू नये, डब्यात काय आहे हे विचारलं जाऊ नये, एवढ्यासाठीच ना? आपल्या पोरांना ही सावली लागते हे आपण जाणतो. मग ब्लॅक मुलाला आपल्या घरात आणताना ‘प्रेम दिलं की झालं’ असं कसं म्हणता येईल? त्यालाही त्याची माणसं लागणार. फरक इतकाच, की ती आपली नाहीत. ती आपल्याला अदबीने, वेळ देऊन जोडावी लागणार.

आणि जोडणं खरं असावं लागतं. मुलाच्या सोयीसाठी म्हणून कुणी आपल्या ओट्यावर येऊन बसलं, तर माणसाला ते कळतं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक बाई आहेत, आयुष्यभर सलून चालवलेल्या. ओळख झाली ती त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे. मी त्यांना फिजिओथेरपीला सोडायला जात असे. फॉस्टर केअरचं पुष्कळ नंतर बोलण्यात आलं. ऐकून त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘केस विंचरता येतात का तुला?’

आता त्यांच्या नातीच्या डोक्यावर मी शिकते. मुलगी स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसते, हातात टॅब्लेट. आधी केसांचे चार भाग करून क्लिपा लावायच्या. एक भाग मोकळा सोडून त्यावर पाण्याचा फवारा, मग हातावर कंडिशनर घेऊन तो पेरांनी केसांत मुरवायचा. फणी रुंद दातांची. गुंता टोकाकडून सोडवत वर यायचं, आणि सोडवताना मुळाशी दुसऱ्या हाताची मूठ घट्ट धरायची, म्हणजे ओढ टाळूला बसत नाही. असे कुरळे केस कोरडे पडतात, कारण टाळूचं तेल वळणावळणांतून टोकापर्यंत उतरत नाही. माझा हात सवयीने खोबरेल तेलाकडे गेला, तशा त्या म्हणाल्या, आधी पाणी. तेल नंतर, ते पाणी आत धरून ठेवायला. भांग फणीच्या शेपटाने काढायचा, सरळ, टाळूची रेघ स्वच्छ दिसेल असा. कपाळाजवळच्या बारीक केसांची वेणी आवळायची नाही. पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या तर समजायचं, घट्ट झाली. रात्री साटिनची टोपी, कारण सुती अभ्रा केसांचा ओलावा शोषून घेतो. कानाजवळ आले की बाई नकळत नातीचा कान दुमडून तळव्याखाली झाकतात. माझी आजी माझे केस विंचरताना हेच करायची.

‘मूल आल्यावर शिकली असतीस, बेबी,’ त्या एकदा मला म्हणाल्या, ‘तर त्याच्या टाळूवर शिकली असतीस.’

केसांना इतकं महत्त्व कशाला, असं वाटू शकतं. पण ब्लॅक मुलाचं डोकं बघून त्याच्या मागे घर आहे की नाही हे इथल्या बायका ओळखतात. केसांच्या ठेवणीवरून शाळेत मुलांना घरी पाठवलं गेलं आहे, मोठ्यांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या आहेत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने याविरुद्ध कायदा केला आणि नंतर इतर राज्यांनीही केले. ज्या गोष्टीसाठी कायदा करावा लागतो, ती पालकाच्या बोटांत असायलाच हवी.

आपल्याकडे दत्तकाची परंपरा मोठी आहे, पण या कामात तिचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या दत्तकाने वेगळेपण पुसायचं असतं. झाशीच्या गादीवर दत्तक घेतला तो नात्यातलाच आनंदराव, आणि घेतल्यावर तो दामोदरराव झाला. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला गेला, तोही गायकवाडांच्याच शाखेतला, आणि सयाजीराव झाला. कूळ तेच, रक्त शक्यतो तेच, नाव मात्र बदलायचं, म्हणजे शिवण दिसू नये. आजही दत्तक घेणारे आईबाप मूल ‘आपल्यात मिसळून जाणारं’ असावं म्हणतात तेव्हा याच वाटेने चाललेले असतात. आमच्या घरी ते होणार नाही. किराणा दुकानात रांगेत उभं राहिल्याबरोबर सगळ्यांना सगळं दिसणार. आणि आमचं मूल नाव घेऊनच येणार आहे, त्याच्या आईने ठेवलेलं. ते आम्ही बदलणार नाही. ठाण्याच्या नणंदेने विचारलं, ‘मग बारशाला मी आत्या म्हणून कानात काय सांगू?’ मी म्हटलं, वन्सं, त्याचंच नाव सांगा, ते तुमच्या तोंडून त्याला ऐकू येऊ दे.

ती आई माझ्या मनातून हलत नाही. फॉस्टर केअरचं पहिलं उद्दिष्ट मूल तिच्याकडे परत जावं हेच असतं, आणि ते तसंच असायला हवं. तिचा हक्क कायद्याने संपल्यावरच दत्तकाचा विषय येतो. १९९७ चा कायदा सांगतो, की गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिलं, तर काही अपवाद वगळता राज्याने तो हक्क संपवण्यासाठी अर्ज करावा. डोरोथी रॉबर्ट्स या कायद्याच्या प्राध्यापिका दोन दशकांहून अधिक काळ लिहीत आहेत, की गरिबीलाच हेळसांड ठरवून ब्लॅक घरांतून मुलं सहज उचलली जातात. त्यांची पुस्तकं वाचल्यावर काही रात्री मला वाटलं, आपण या यंत्राचा भाग व्हायला नको. मग वाटलं, आज जे मूल कुठे तरी वाट बघतंय, त्याला आपल्या या घालमेलीचा काय उपयोग? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही घेऊनच मी केसवर्करचा फोन उचलते. आजी, मावशी, थोरली बहीण, जी कुणी त्या मुलाची असेल, तिच्यासाठी आमचं दार उघडं राहील, असं आम्ही लिहून दिलं आहे.

या सगळ्यात मला आपल्या मातीतलं एकच घर आधाराला सापडलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. १८७४ ची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी जोतीरावांचं ‘गुलामगिरी’ निघालं होतं, आणि ते त्यांनी अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या ब्लॅक लोकांना गुलामीतून मुक्त करण्यासाठी झटलेल्या माणसांना. माळ्याच्या घरात ब्राह्मणाचं पोर, त्या काळच्या पुण्यात! आईबाप म्हणून त्या दोघांच्या मनाची तयारी कुणापेक्षा कमी नव्हती. तरी विधवेचा मुलगा म्हणून यशवंतला मुलगी द्यायला माणसं मागे सरत होती; शेवटी सत्यशोधक समाजातल्या ससाणे यांनी आपली राधा दिली. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा टिटवं धरायचा हक्क दत्तक मुलाचा नाही म्हणून भाऊबंद आडवे आले. सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. पुढे हाच यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाई गेल्या.

मी हे वाचते तेव्हा मला थोर माणसांपेक्षा तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिसतो. बाप नुकताच गेलाय, आणि अंगणात जमलेली माणसं तू याचा कोण म्हणून भांडत आहेत. आईबापांच्या मनात काही कमी नव्हतं. तयारी व्हायची राहिली होती ती भाऊबंदांची. मूल आईबापांच्या कुशीत चोवीस तास राहत नाही, ते भाऊबंदांत राहतं. म्हणून आमची निम्मी तयारी नागपूरला फोनवर चालू आहे.

आई सुरुवातीपासून उत्साहात. पोर लहान असलं तर ती येऊन राहणार. ‘डाळीचं पीठ, साय, हळद, सगळं घेऊन येते. महिनाभर चोळलं की कसं उजळतं बघ. तुलाही असंच चोळलं होतं.’ ती हे मायेने म्हणाली. आमच्या घरी प्रत्येक बाळाच्या अंगावरून हा हात फिरलाय. मी म्हटलं, आई, चोळ, भरपूर चोळ, पण उजळायला नको. आणि मग तिला केनेथ आणि मॅमी क्लार्क या जोडप्याबद्दल सांगितलं. १९४० च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या ब्लॅक मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या, फक्त रंगाने वेगळ्या, आणि विचारलं, चांगली कोणती? बऱ्याच पोरांनी गोरी उचलली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती, तेव्हा काही जण रडली. शाळांतला रंगभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. तीन वर्षांच्या मुलालाही कळतं, आई. तू काय पुटपुटत चोळतेस ते त्याला कळेल.

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, ‘तेल तर चालते नं?’

तेल चालतं, म्हटलं. पण आधी पाणी. आणि तिला सगळं समजावून सांगितलं.

मोठेबाबांचं प्रकरण अवघड आहे. घरातले थोरले काका, मला सायकल शिकवलेले. त्यांनी आधी विचारलं, भारतात काय पोरं कमी आहेत? नंतर मागच्या आठवड्यात आईला म्हणाले, चुलतबहिणीच्या लग्नात ते मूल आणलं तर मुलाकडच्यांना काय सांगायचं? मी आईला स्पष्ट सांगितलं, की मुलाच्या रंगावरून, केसांवरून किंवा त्याच्या आईवरून कुणी त्याच्यादेखत एक शब्द बोललं, तर आम्ही मांडवातून उठू. मराठीत बोललं तरीही, कारण मराठी त्याला येणार आहे. आणि उतरायला आम्ही हॉटेल बघू.

‘हॉटेल कशाले?’ आई म्हणाली. ‘माझं घर नाही का? ज्याला जे बोलायचं ते माझ्या दारात येऊन बोल म्हणा. भाऊजींचं मी बघते. तू तिकडे वेण्या शीक.’